मोनेची छत्रीवाली बाई उतरवताना, आणि मग आमच्या धुऱ्यावरची मोठी आई

पऱ्हाटी

तैलरंगाचा क्लास करायचा तर नागपूर नाहीतर अमरावती. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. म्हणून क्लासचा नाद सोडला आणि एक नावाजलेलं चित्र समोर ठेवून तेच उतरवत शिकायचं ठरवलं. काही जणांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं होतं, त्यामुळे सगळं एकत्रच लिहिते.

चित्र फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं, १८७५ सालचं. गवताळ चढावर छत्री घेतलेली पांढऱ्या झग्यातली बाई, म्हणजे त्याची बायको कामीय, आणि डावीकडे थोडा मागे कमरेपर्यंतच दिसणारा त्यांचा मुलगा झाँ. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. गॅलरीनं त्याचा मोठा फोटो संकेतस्थळावर फुकट ठेवलाय, झूम केलं की ब्रशाचा एकेक फटका दिसतो. मोने १९२६ मध्ये गेला, तेव्हा हक्काबिक्कांची कटकट नाही.

हेच चित्र घ्यायचं कारण सोपं. खिडकीशी बसवलेलं माणूस मला काढायचं नव्हतं. वावरात, उन्हात उभं असलेलं माणूस काढायचं होतं. ऊन तर आमच्याकडे पैशाला पासरी.

मूळ माप १०० बाय ८१ सेंटिमीटर. २० बाय १६ इंचाचा कॅनव्हास जवळजवळ त्याच प्रमाणात बसतो. कॅनव्हासवर चार-चार इंचांचे चौकोन पाडा, उंचीत पाच आणि रुंदीत चार. फोटोवरही तसेच पाच आणि चार भाग करा. ताणाताणी करावी लागत नाही. रेघा मात्र पेन्सिलीनं नका पाडू, ग्राफाइट पातळ रंगातून वर डोकावत राहतं. यलो ऑकर टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखं पातळ करून बारीक ब्रशानं पाडा.

कॅनव्हास घरीच केला. मांजरपाट आणि सागाच्या पट्ट्या. सुताराला एकच गोष्ट नीट समजावून सांगायची, ती म्हणजे पट्टीला कापडाच्या बाजूनं, आतल्या अंगाला रंधा मारून उतार द्यायचा. कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकलं पाहिजे. उतार नसला तर ब्रश दाबला की पट्टीची कड कापडावर उमटते आणि चित्रात आभाळाच्या मधोमध सरळ रेघ येऊन बसते. कापड ताणून खिळे मारले की आधी पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचा हात, तो वाळल्यावर ॲक्रिलिक प्रायमरचे दोन. हे टाळून चालत नाही. तेल थेट सुताला लागलं की कापड हळूहळू कुजतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते. हे चित्र कोणालाही दाखवा आणि विचारा, झगा कोणत्या रंगाचा? पांढरा. मग तोच फोटो मोबाइलमध्ये कृष्णधवल करून बघा. झग्याचा बराचसा भाग मागच्या ढगांपेक्षा गडद निघतो! ऊन बाईच्या मागून येतंय. छत्रीचा वरचा भाग आणि पाठीवरचं उडणारं कापड तेवढं उजळलंय, आपल्याकडची सगळी बाजू सावलीत आहे. गवतावरची सावलीही आपल्याच दिशेनं पडलीय. म्हणजे झग्याचा पांढरा हा खरं तर निळा-जांभळा राखाडी. अल्ट्रामरीन (गडद निळा), चिमूटभर क्रिमसन (गर्द लाल), पांढरा आणि तो जांभळा फार भडक होऊ नये म्हणून ऑकरचा एक थेंब. ट्यूबमधला निव्वळ पांढरा शेवटच्या घडीपर्यंत झाकून ठेवा. पाठीवरच्या त्या कडेलाच तो लागतो. तिथे एकदा टेकवला की इतका वेळ मळकट वाटणारा झगा एका दमात पांढरा दिसायला लागतो. हे वाचून पटत नाही, हातानं करून बघावं लागतं.

दुसरी गंमत सावलीच्या आतली. छत्रीची खालची बाजू हिरवट आहे. झग्याच्या पुढच्या भागावर, बाहीवर पिवळे फटके आहेत. खालच्या रानफुलांवर पडलेलं ऊन उसळून वर आलंय. सावलीतसुद्धा उजेड येतो, फक्त खालून येतो, आणि येताना जिथून आला तिथला रंग घेऊन येतो.

चेहऱ्याला घाबरू नका. मोनेनं तो वाऱ्यानं उडणाऱ्या जाळीमागं ठेवलाय. नाक-डोळे असे रेखलेले जवळजवळ नाहीतच, आणि तरी बाई वळून आपल्याकडेच बघतेय हे कळतं. मान आणि खांद्याचा कोन बरोबर आला की काम झालं.

काळा रंग मी घेतलाच नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळलं की हवा तितका गडद मिळतो आणि मेलेला वाटत नाही. बाकी टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, व्हिरिडियन (हिरवा). सगळ्या छोट्या ट्यूबा, पांढऱ्याची तेवढी मोठी.

नक्कल झाल्यावर मोनेला बाजूला ठेवलं आणि तोच उजेड आपल्या वावरात धरायचा घाट घातला. मॉडेल आमची मोठी आई. फिकट लुगडं, हातात बाबांची काळी छत्री, बाजूला पुतण्या. ऑक्टोबरातली दुपार, चार ते पावणेपाच, ऊन तिच्या पाठीमागून. मोनेच्या चित्रात आपण चढाच्या खाली उभे असतो, म्हणून बाई आभाळात गेलेली दिसते. आमच्याकडे चढ आणायचा कुठून? सगळं सपाट. मग मी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, खाली चारीत बसले. माझे डोळे आणि मोठ्या आईचे टोंगळे एका पातळीत. लगेच तिचं डोकं तुरीच्या वर, थेट आभाळात. पाऊण तासात सावली इतकी सरकते की पहिल्या दहा मिनिटांत तिची कड आखून घ्यायची आणि मग ऊन कितीही फिरलं तरी त्याच कडेला धरून राहायचं.

मोठी आई उभ्या उभ्या म्हणाली, "चित्र काढून राहिली का ऊन मोजून राहिली वं?"

प्रश्न असतील तर विचारा. चित्र अजून पुरतं वाळायचं आहे. वाळलं की नीट उजेडात फोटो काढून टाकते.

वणीचा_पाहुणा

लय भारी ताई! मोठ्या आईचा डायलॉग एक नंबर. फोटो मात्र पाहिजेच, फोटोबिगर धागा म्हणजे तर्रीबिगर पोहे.

एक विचारतो. म्या शाळेत इंटरमिजिएटपर्यंत चित्रकला केली, सगळी पोस्टर कलरनं. तैलरंगात एकदम उडी मारू का आधी अजून काही करू?

गेरू

पऱ्हाटीताई, उत्तम लेख. तीस-एक वर्षं चित्रकला शिक्षक होतो, आता निवृत्त. थोडी भर घालतो.

पाहुणे, उडी मारा. पण पोस्टर कलरची एक सवय गावीच सोडून या. पोस्टर कलर वाळला की रंग बदलतो, त्यामुळे आपण अंदाजानं थोडं इकडेतिकडे मारतो आणि वाळायची वाट बघतो. तैलरंग लावताना दिसतो जवळपास तसाच राहतो. तेव्हा रंग पॅलेटवरच नक्की करायचा. पॅलेट-नाइफवर थोडा घ्या, डोळ्यापुढे धरा, एक डोळा मिटून फोटोतल्या त्या जागेशी ताडून बघा. जुळला तरच कॅनव्हासला हात लावा.

पहिलं चित्र तर मी रंगात करूच देत नाही. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि पांढरा, बस. याच छत्रीवाल्या बाईचं एक छोटं रूप फक्त चार छटांत, म्हणजे उजळ-गडदाच्या चार पायऱ्यांत करा. सगळ्यात उजळ ढग आणि पाठीवरची कड, त्याखाली निळं आभाळ, त्याखाली सावलीतला झगा, सगळ्यात गडद खालची सावली. डोळे किलकिले करून बघितलं की छटा आपोआप चार-पाचांवर येतात. एवढं बसलं की रंग चुकला तरी चित्र उभं राहतं. छटा चुकली तर कितीही महाग कोबाल्ट ओता, चित्र पडतं.

थरांचा नियमही सांगून ठेवतो. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वरच्या थरांत तेल वाढत जायचं. उलटं केलं तर वरचं लवकर वाळतं, खालचं हलत राहतं आणि तडे जातात. झिंक व्हाइट टाळा. तो कालांतरानं ठिसूळ होतो. ट्यूबच्या मागे काय लिहिलंय ते वाचून टायटॅनियमच घ्या.

घाण्यावरचा

आमचा लाकडी घाणा आहे. जवस, शेंगदाणा, करडई सगळं काढतो. शहरात जवसाच्या तेलाची ती इवलीशी बाटली केवढ्याला विकतात ते बघून डोकं फिरलं. चटणीला चालतं ते तेल चित्राला का चालू नये? कोणाला पाहिजे तर देतो मी.

गेरू

घाण्यावरचे भाऊ, प्रश्न रास्त आहे. जवस तेच, तेल तेच, पण घाण्याच्या ताज्या तेलात चिकट गाळ असतो. त्यानं रंग पिवळा पडतो, वाळायला उशीर लागतो आणि बोटाला चिकटत राहतो. चित्रकाराच्या बाटलीतलं तेल शुद्ध केलेलं असतं, पैसे त्याचे.

जुने लोक घरी करत. काचेच्या बरणीत तेल आणि पाणी घेऊन जोरात हलवायचं, थंड जागी ठेवून निवळू द्यायचं, खाली बसलेला पांढरट गाळ आणि पाणी काढून टाकायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हेच. मग उथळ काचेच्या भांड्यात, वर काच तिरपी ठेवून उन्हात. तेल फिकट होतं आणि थोडं दाटही होतं. करून बघायला हरकत नाही, पण आधी एका तुकड्यावर लावून वाळतं का ते तपासा.

शेंगदाण्याचं तेल मात्र रंगात चुकूनही नको, ते वाळतच नाही. ब्रशातला रंग काढायला मस्त, पण नंतर साबणानं खळखळून धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात उष्णता तयार होते. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पत्र्याची खोली, शेजारी कडबा नाहीतर कापूस. फडकी सुटी पसरून बाहेर वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात टाका. यात हयगय नको.

घाण्यावरचा

बाप रे. आमच्या घाण्यावर अशाच फडक्यांचा ढीग असतो. उद्याच हलवतो.

खडखडाट

सगळे वाहवा करून राहिले म्हणून विचारतो. विदर्भातल्या खेड्यात बसून फ्रान्सच्या बाईची नक्कल कायले? नक्कल करून कोणी चित्रकार होते का? आणि उतरवायचंच होतं तर आपले रविवर्मा, धुरंधर काय वाईट होते?

अजब_बंगला

खडखडाटभाऊ, नक्कल करूनच होतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याची भित्तिचित्रं कॅनव्हासवर तैलरंगात उतरवत होते. मुंबईकर पोरं, अंधारी लेणी, खांद्याला खांदा लावून काम. पेस्तनजी बोमनजी त्यातलेच, आणि पुढे ते नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. दुर्दैव असं की त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. पण शिकलेला हात जळत नाही.

आणि मोनेलासुद्धा उघड्यावर बसून रंगवायची गोडी तरुणपणी फ्रान्समधल्या ल हाव्रला बुदँ या वयानं मोठ्या चित्रकाराच्या सोबत फिरून लागली. कोणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

पऱ्हाटी

खडखडाटभाऊ, राग नाही. रविवर्मा आवडतातच. पण मला त्यांच्या बाया बाहेर उभ्या असल्या तरी उजेड खोलीतला वाटतो, एका बाजूनं, मऊ, चेहरा उजळणारा. ते शिकायचं असेल तेव्हा तेच घेईन. धुरंधरांची रेघ मला अजून पेलायची नाही. पाठीमागून येणारं ऊन कसं धरायचं याचं उत्तर मला या चित्रात मिळालं, एवढंच.

नक्कल विकायची नाही आणि खाली मोनेची सही मारायची नाही, हे मात्र पक्कं. मागच्या बाजूला "मोनेवरून" असं लिहून ठेवलंय.

वणीचा_पाहुणा

मोने त्या वेळी विकून राहिला असता तं म्या घेतलं असतं. आता काय, वावर इकून बी येणार नाही.

तिफण

ताई, एक शंका. मोनेच्या छत्रीची खालची बाजू हिरवट आहे म्हणता. तुमच्या मोठ्या आईची छत्री काळी. मग तिथे हिरवा कसा आणला? की मोनेनं केलं म्हणून केलं?

पऱ्हाटी

तिफण, नेमकं बोट ठेवलं. याच्यावरच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

मोनेच्या छत्रीच्या कापडातून उजेड पाझरतो, खालचं गवतही चमकतं. काळ्या कापडातून काही पाझरत नाही. तिच्या आत जो काही उजेड येईल तो खालूनच. म्हणून मी मोठ्या आईला धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभं करून बघितलं. एका बाजूला सोयाबीन निघालेलं वावर, पिवळी खुंटं आणि वर पसरलेला भुसा. तिथे छत्रीच्या आत मळकट तपकिरी उजेड होता, हनुवटीखाली आणि लुगड्याच्या निऱ्यांवर चक्क नारिंगी झाक. दुसऱ्या बाजूला नुकतीच वखरलेली काळी माती. तिथे गेल्याबरोबर तो उजेड गायब. काळी माती ऊन पिऊन टाकते, वर काही देत नाही. चेहरा गडद, छत्रीचं पोट गडद, फक्त काड्यांवर आभाळाची निळसर रेघ.

तेव्हा हिरवा कुठेच नाही आला. मोनेकडून हिरवा घ्यायचा नसतो, खालून काय येतंय ते बघायची खोड घ्यायची. मी खुंटांची बाजू निवडली, कारण नारिंगी झाक मला सोडवेना. छत्रीच्या आत अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडं ऑकर. लुगड्याची सावली मोनेच्या झग्यापेक्षा बरीच उबदार ठेवली. पदराची कड मात्र हुबेहूब तशीच पेटते. पातळ सुती कापडातून मागचं ऊन आरपार येतं, तिथे लेमन यलो मिसळलेला पांढरा जाडसर एकदाच लावायचा आणि परत हात लावायचा नाही.

पुतण्या काही उभा राहीना. त्याला चित्रातून काढला, तिथे तूर आली.

गेरू

हे खरं निरीक्षण. काळ्या मातीचं मी इतक्या वर्षांत पोरांना कधी सांगितलं नाही, आता सांगीन. यात एक भर. उन्हाळ्यात पांढुरक्या मुरमाड जमिनीवर माणूस उभं करा, सावली इतकी उजळते की चेहऱ्यावर खालून दिवा लावल्यासारखं होतं. तिथे सावलीला फार गडद केलं तर खोटं वाटतं.

आणि चेहऱ्याचं काय केलं? मोनेसारखा पुसट ठेवला का?

पऱ्हाटी

ठेवला होता. मोठ्या आईनं बघितलं आणि विचारलं, "थोबाड कुठी हाय माह्यं?" घरातल्या कोणीही तिची समजूत काढू शकलं नाही. मग सावलीतला गाल एक छटा, कपाळ एक छटा, आणि कुंकू. कुंकू सावलीत असल्यानं क्रिमसन आणि सिएना, लाल भडक नाही. नाक-डोळे तरीही नाहीत. पण कुंकू दिसल्यावर तिची तक्रार मिटली.

तिफण

एक शेवटचं. वाळवायचं कुठे? आमच्याकडे सध्या मळणी चालू, सगळीकडे भुसाच भुसा.

पऱ्हाटी

आमच्याही चित्रातल्या आभाळात भुसा चिकटलाय, शेजारच्या वावरात थ्रेशर लागला त्या दिवशी. ओल्या रंगावरून तो काढायला जाऊ नका, फरांटा उठतो. वरचा रंग हाताला घट्ट लागला की ब्लेडच्या टोकानं उचलायचा, खळगा पडला तर तेवढ्यापुरता रंग लावायचा. वाळवताना कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून किंचित पुढे कलता ठेवा, धूळ मागच्या बाजूवर बसते. बंद पेटीत नका ठेवू, हवा लागतेच. पावसाळ्यात वेळ जास्त लागतो. अंबर लवकर वाळतं, क्रिमसन रेंगाळतं, त्यामुळे एका कोपऱ्यात वाळलं म्हणून सगळं वाळलं असं धरू नका.

व्हार्निशची घाई नको. जाड रंग असेल तर सहा महिने ते वर्ष. माझं पुढच्या दिवाळीच्या आसपास होईल.

घाण्यावरचा

ताई, तेल धुवायला घेतलं आज. बरणीत खाली पांढरा गाळ बसला बरोबर. निवळलं की एक बाटली आर्वीच्या एसटीनं पाठवू का?

पऱ्हाटी

पाठवा भाऊ, पण फुकट नको. आधी तुकड्यावर लावून बघते, मग इथेच लिहिते.